दोन टिंबांचं आडनाव

माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या नवऱ्यानं त्यांना त्यांचंच आडनाव भेट दिलं. एका वेबसाइटवरून त्यानं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मागवलं होतं. वर एक ढाल, ढालीवर लाल जिभेचा सिंह, त्याखाली वळणदार अक्षरांत आडनाव आणि मग चार ओळींचा इतिहास. आम्ही सकाळी ब्रॅकनेलच्या आमच्या घरून निघून सासऱ्यांकडे कार्डिफला पोचलो होतो, केक कापून झाला होता, आणि सासरे चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायला लागले.

"मूळ जर्मन. अर्थ अनिश्चित, बहुधा चाकं बनवणारा. हे आडनाव असलेल्यांची संख्या अत्यल्प."

त्यांनी चष्मा काढला, मुलाला "थँक यू, सन" म्हणाले आणि फ्रेम सोफ्याच्या मागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

"अत्यल्प," ते म्हणाले. "एक म्हातारा, एक मुलगा, एक नात. नात उद्या लग्न करून जाईल. एवढं कळायला सिंह कशाला हवा होता?"

नवरा कानकोंडा झाला. माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, म्हणाली की मी लग्नच करणार नाही. त्यावर सगळे हसले, पण सासऱ्यांचा चेहरा काही उजळला नाही.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. माणसं इतकी थोडी आहेत की लिहिलं तर आमच्या दारावरची पाटीच छापल्यासारखं होईल. एवढं सांगते की ते जर्मन आहे, शेवटी ई आणि आर ही दोन अक्षरं आहेत, आणि इंग्रज माणूस ते पहिल्या खेपेत कधीच बरोबर म्हणत नाही. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये नर्स यादी बघून क्षणभर थांबली की सासरे नाव ऐकायच्या आधीच उठून उभे राहायचे.

मी त्यांना पहिल्यापासून बाबा म्हणते. इथल्या सुना सासऱ्यांना सरळ नावानं हाक मारतात. मलाही तसंच सांगितलं होतं, पण नागपूरच्या घरात वाढलेल्या माझ्या तोंडातून ते निघेना. पहिल्या ख्रिसमसला मी "बाबा, चहा घेणार?" म्हणून गेले आणि त्यांना ते आवडलं. मात्र त्याआधी, लग्नाच्या वेळी, एक गोष्ट झाली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तू आमचं आडनाव लावशील ना?" आणि मी नाही म्हटलं होतं. माझं माहेरचं आडनाव, शेवटी 'कर' असलेलं, माझ्या डिग्रीवर होतं, व्हिसावर होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. "तुझा हक्क आहे," ते म्हणाले होते. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण त्यांच्या "तुझा हक्क आहे"मध्ये काहीतरी गिळल्याचा आवाज होता, तो माझ्या कानात राहिला होता.

पंचाहत्तरीच्या त्या दुपारी भांडी पुसून झाल्यावर बाबांनी मला जिन्याखालच्या कपाटातून एक वही काढून दाखवली. नवऱ्यालासुद्धा ती माहीत नव्हती.

बाबा आयुष्यभर कोच, म्हणजे लांब पल्ल्याच्या बस, चालवायचे. कार्डिफहून म्हाताऱ्या मंडळींच्या सहली घेऊन सगळ्या ब्रिटनभर जायचे. लोक किल्ला बघायला उतरले की ड्रायव्हर मोकळा. त्या वेळी ते जवळचा टेलिफोन बूथ गाठायचे. तेव्हा बूथमध्ये त्या भागाची डिरेक्टरी असायची. ती उघडून ते आपलं आडनाव शोधायचे. वहीत गावांची नावं होती, स्कॉटलंडच्या टोकापासून कॉर्नवॉलपर्यंत, आणि प्रत्येक गावापुढे पेन्सिलीनं काढलेलं शून्य.

"लायब्ररीत सगळ्या डिरेक्टऱ्या एका जागी मिळाल्या असत्या की," मी म्हटलं.

"मिळाल्या असत्या," ते म्हणाले. "मग एका दुपारीच आशा संपली असती."

मी पानं उलटत राहिले. शाई बदलत गेली होती, अक्षर थरथरत गेलं होतं, पण शून्यं सगळी नीट गोल. मी विचारलं, "एवढं का, बाबा?"

मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा तरुणपणी जर्मनीच्या दक्षिणेकडून आले आणि कार्डिफच्या गोदीजवळ जहाजांना पाव पुरवणाऱ्या बेकरीत लागले. पुढे त्यांनी स्वतःची बेकरी काढली, एका वेल्श मुलीशी लग्न केलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ज्यांना ते रोज पाव द्यायचे त्यांच्यातल्याच काहींनी दुकानाच्या काचा फोडल्या. आजोबांना शत्रुदेशाचा माणूस म्हणून छावणीत ठेवलं. सुटून आले तेव्हा सगळ्यांनी सल्ला दिला, नाव बदला, एखादं साधं इंग्रजी नाव घ्या. बऱ्याच जणांनी तसं केलं होतं. आजोबांनी नव्या काचेवर तेच आडनाव पुन्हा रंगवून घेतलं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

"माझ्या लहानपणी, दुसऱ्या युद्धानंतर, शाळेत मला त्या नावावरून मार पडायचा," बाबा म्हणाले. "मी घरी येऊन रडलो तर वडील म्हणायचे, ज्याच्यासाठी काचा फुटल्या ते नाव आहे, सांभाळ. मी सांभाळलं. आता ते कोणाच्या हातात देऊ?"

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता, मुलगी मागे झोपली होती, आणि मी फोनवर ते आडनाव शोधत बसले. ब्रॅकनेलच्या कंपनीत माझं कामच माहितीच्या तक्त्यांचं. लोकसंख्येचे आकडे प्रसिद्ध करताना फार छोटे आकडे लपवतात, हे मला ठाऊक होतं. इतकी थोडी माणसं असली तर ती ओळखू येतील म्हणून त्या चौकटीत आकड्याऐवजी एखादी खूण टाकतात. आडनावांच्या ज्या ज्या याद्या सापडल्या त्यांत हे नाव एक तर नव्हतंच, नाही तर आकड्याच्या जागी तसलीच खूण होती. मी दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून हे सांगितलं.

"बाबा, खूण म्हणजे शून्य नाही. खूण म्हणजे आहेत, पण सांगत नाही."

"किती आहेत?"

"ते सांगत नाहीत."

"मग ते आपणच असू," ते म्हणाले आणि हवापाण्याकडे वळले.

पुढचे काही महिने मी जमेल तसा शोध घेतला. आडनावांच्या कोशात हे नाव नव्हतंच. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांखाली लिहिलेलं असायचं की शेवटी 'ईआर' आहे म्हणजे धंद्यावरून पडलेलं नाव असावं. त्यामुळे मीही चाकं बनवणारे, बादल्या बनवणारे, धार लावणारे असे कारागीर धुंडाळत होते. कुठेच धागा लागत नव्हता.

तो लागला ऑफिसच्या कँटीनमध्ये. पुण्याहून एक नवीन मुलगी आमच्या टीममध्ये आली होती. पहिल्याच दिवशी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून तिनं कोणताही मराठी माणूस विचारतो तेच विचारलं.

"म्हणजे तुम्ही मूळच्या त्या गावच्या का?"

"असणार. पण मी ते गाव पाहिलेलंसुद्धा नाही."

"तिथे तुमच्यापैकी कोणी आहे अजून?"

"गावात कशाला असतील?" मी हसून म्हटलं. "गावात राहणाऱ्याला कोणी गावाचं नाव लावतं का? बाहेर पडलं की मग ते चिकटतं."

आणि चमचा हातात तसाच राहिला. बाबांना आयुष्यात सगळ्यांनी विचारलं होतं की या नावाचा अर्थ काय, स्पेलिंग काय, उच्चार काय. पण गाव कुठलं, हे कोणीच विचारलं नव्हतं. आपल्या 'कर'सारखंच ते 'ईआर' असेल तर? मी जर्मन आडनावांबद्दल वाचलं तेव्हा कळलं की तसं खरंच असतं. गावाच्या नावाला, टेकडीच्या नावाला, अगदी एखाद्या शेताच्या नावाला ती दोन अक्षरं जोडली की तिथला माणूस तयार होतो. जगात कोणाला ही गोष्ट नवी वाटो, मराठी माणसाला ती सांगावी लागायला नको होती. मला इतकी वर्षं दिसली नाही याचीच मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी 'ईआर' काढून टाकलं आणि उरलेला शब्द नकाशावर शोधला. काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधला. नाही. आठवडाभर मी हिरमुसलेली होते.

मग रविवारी नागपूरला आईशी बोलत होते. कुणाचं तरी पार्सल परत आल्याची तक्रार ती करत होती. पत्त्यावर इंग्रजीत नाव लिहिलं की 'ळ'चा 'ल' होतो आणि पोस्टमन भलत्याच घरी जातो, असं तिचं म्हणणं. "एवढं एक अक्षर," आई म्हणाली, "ते गेलं की माणूसच बदलतो."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. जर्मन भाषेत काही स्वरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात. टिंबं असली की आवाज वेगळा, शब्दही वेगळा. आमच्या कंपनीच्या सिस्टिममध्ये नाव आत आलं की त्यावरची असली सगळी टिंबं आणि रेघा पुसून टाकायच्या, असा एक नियम आहे. तो काही वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. कार्डिफच्या गोदीवर आजोबांचं नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं तेच केलं असणार, नियम न लिहिता.

मी टिंबं परत दिली.

तरी एकदम काही दिसलं नाही. पण बाबांकडे आजोबांचं एक प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्याच्या पहिल्या पानावर ते जिथे छापलं त्या शहराचं नाव होतं. मी त्या शहराच्या आसपासचे जुने नकाशे धरले. असे नकाशे आता कोणीही घरी बसून पाहू शकतो. रोज जेवणानंतर अर्धा तास, एक एक दरी. नवरा म्हणायचा, तू आता जर्मनीत नोकरीला लागली आहेस. चौथ्या की पाचव्या दिवशी एका डोंगराच्या उन्हाकडच्या उतारावर बारीक अक्षरांत तो शब्द दिसला. टिंबांसकट. ते गाव नव्हतं. एक काळा चौकोन होता, म्हणजे एकच घर. एका शेताचं नाव होतं ते.

मी ओरडले. मुलगी जिन्यावरून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

आता कोडं सुटलं होतं. गाव मोठं असतं तर त्या नावाची माणसं ठिकठिकाणी झाली असती. पण एकाच शेतावरून निघालेलं नाव, ते थोडंच असणार. मी त्या दरीतल्या गावाची वेबसाइट शोधली, तिथे गावाचा इतिहास सांभाळणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता होता. तिला मी ईमेल लिहिलं. इंग्रजीत लिहिलं आणि खाली मशीनकडून करून घेतलेलं जर्मन भाषांतर जोडलं. शेवटी लिहिलं की मला कल्पना आहे, तिथे या आडनावाचं आता कोणीच नसेल, नाव बाहेर पडणाऱ्याला लागतं, तरी त्या शेताचा एखादा फोटो मिळाला तर माझ्या सासऱ्यांना आनंद होईल.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे.

"प्रिय बाई, तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे," तिनं लिहिलं होतं. "आमच्या दरीत कोणाच्याही कागदपत्रांवर हे आडनाव नाही. सरकारी आकडा विचाराल तर शून्य. पण रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर उभं राहून तुम्ही ते नाव जोरात पुकारलंत, तर अकरा माणसं वळून बघतील."

त्यांच्याकडे, तिनं समजावलं होतं, घराला नाव असतं आणि घरात जो राहील त्याला गाव त्या नावानं ओळखतं. कागदावरचं आडनाव वेगळं असलं तरी. आजोबा म्हणजे त्या घरातला तिसरा मुलगा. शेत थोरल्या भावाकडे गेलं, त्या भावाला एकच मुलगी, पुढे तिच्या मुलीकडे, आता त्या मुलीच्या मुलीकडे. तीन पिढ्या शेत मुलींकडे आलं. दर लग्नात कागदावरचं आडनाव बदललं. घराचं नाव मात्र कोणी बदललं नाही. बाहेरून आलेल्या जावयांनाही आठवड्याभरात तेच नाव पडलं. तिनं चर्चच्या नोंदवहीतल्या पानाचा फोटो जोडला होता. त्यात आजोबांचा जन्म होता, स्वच्छ अक्षरात, दोन्ही टिंबं दिलेली.

हे फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं. शनिवारी सकाळी मी एकटीच ट्रेननं कार्डिफला गेले. बाबा बागेत होते. मी ईमेल छापून नेलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुरपं ठेवून ते ओल्या बाकावर बसले.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा, बाबा."

"अकरा!" या वेळी ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. "सगळं बरं आहे ना?" तिनं विचारलं.

"आम्ही अकरा आहोत!" बाबांनी तिला सांगितलं. "शिवाय हे इकडचे वेगळे!"

तिला काही कळलं नाही, पण तिनं अभिनंदन केलं.

आम्ही आत येऊन चहा केला. बाबा बराच वेळ त्या नोंदीच्या फोटोवर बोट ठेवून बसले होते. मग मान वर न करता म्हणाले, "तू लग्नात माझं आडनाव घेतलं नाहीस. मला तेव्हा वाईट वाटलं होतं."

"माहीत आहे मला."

"बरं झालं घेतलं नाहीस. तुझं तुझ्याजवळ राहिलं म्हणून माझं सापडलं."

मी उठून किटली पुन्हा लावली, पाणी गरम असतानाच.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. बाबांनी सकाळपासून टाय बांधला होता. पडद्यावर शेताची मालकीण आली. साठीच्या घरातली, उन्हानं रापलेली, नात्यानं बाबांची लांबची भाची. मागे तिचा नवरा, दोन मुली, कोणाच्या तरी कडेवर मूल. तिचं इंग्रजी शाळेतलं होतं, जपून पावलं टाकणारं. तिनं आधी घराचं नाव उच्चारलं आणि मग बाबांकडे बोट करून विचारलं, "तुम्हीपण?"

बाबा खुर्चीत पुढे झाले होते.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

तिनं पुन्हा म्हटलं. आम्ही घरात सगळे म्हणतो त्यापेक्षा ते नाव वेगळं होतं, मधला स्वर ओठ गोल करून काढलेला, शेवट जवळजवळ गिळलेला.

"माझे आजोबा असं म्हणायचे," बाबा म्हणाले. "मी सहा वर्षांचा होतो ते गेले तेव्हा. मी समजत होतो, त्यांना दात नव्हते म्हणून ते तसं म्हणायचे."

पलीकडे कोणीतरी ते भाषांतर करून सांगितलं आणि अख्खं स्वयंपाकघर हसायला लागलं. बाबाही हसत होते आणि डोळे पुसत होते. त्यानंतर त्यांनी ओठ गोल करून नाव म्हणायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. भाचीनं दरवेळी मान हलवली, शांतपणे, वासराला बादलीतून प्यायला शिकवावं तशी. पाचव्या वेळी ती टाळ्या वाजवायला लागली. पंचाहत्तरी ओलांडल्यावर माझे सासरे स्वतःचं नाव बरोबर म्हणायला शिकले.

पुढच्या उन्हाळ्यात ते लोक कार्डिफला आले. गुरांमुळे सगळ्यांना एकदम शेत सोडता येत नाही, म्हणून पाच जण आले: भाची, तिचा नवरा, दोघी मुली आणि ते कडेवरचं मूल, जे आता चालत होतं. हीथ्रोवरून मी त्यांना गाडीनं आणते म्हटलं तर बाबा ऐकेनात. "कोचनं येऊ दे," ते म्हणाले. "मी त्यांना कोच स्टेशनवर घेणार."

मी, नवरा आणि मुलगी त्यांच्याबरोबर उभे होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात पुठ्ठा होता. त्यावर जाड काळ्या अक्षरांत आडनाव, टिंबं लाल रंगानं दिलेली.

"कोचच्या धंद्यात मी जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या धरून उभा राहिलो," ते मला म्हणाले. "कोणाकोणाची नावं धरली. माझ्या नावाच्या पाटीकडे कोणी चालत येईल असं कधी वाटलं नव्हतं."

कोच आत शिरला. दार उघडलं. दोन विद्यार्थी उतरले, एक बाई ट्रॉली घेऊन उतरली. मग भाची. तिनं पायरीवर उभं राहून गर्दीवर नजर फिरवली, पाटी दिसली, आणि ती पाटीकडे बोट करून आपल्या माणसांना मोठ्यानं काहीतरी म्हणाली. ते पाचही जण आमच्याकडे चालत आले. बाबांनी पाटी खाली घेतली नाही. भाचीनं पाटीसकट त्यांना मिठी मारली आणि पुठ्ठा मधोमध दुमडला. ड्रायव्हर सामान काढता काढता थांबला. तो बाबांना ओळखत होता.

"फॅमिली?" त्यानं विचारलं.

"फॅमिली," बाबा म्हणाले.

तो आठवडा बाबांनी एक मिनीबस भाड्यानं घेऊन स्वतः चालवली. नवरा म्हणाला मी चालवतो, पण ड्रायव्हरच्या सीटवर त्यांना बघून तो मागे जाऊन बसला. गोदीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. आजोबांची बेकरी जिथे होती तिथे फ्लॅट आहेत. बाबांनी बस थांबवली आणि उलगडून सांगितलं: इथे दार होतं, इथे ती काच होती, इथे त्यांनी नाव परत रंगवलं. माझी मुलगी शाळेत जर्मन शिकते, तिनं जमेल तसं सांगितलं, चुकत, अडखळत, आणि कोणी तिला सुधारलं नाही. सांगून झाल्यावर भाचीचा नवरा, जो आतापर्यंत फारसा बोललाच नव्हता, फुटपाथवर पुढे आला आणि टोपी काढून उभा राहिला. तो त्या घरात जावई म्हणून आलेला. कागदावर त्याचं आडनाव तिसरंच. तो आपल्या भाषेत काही म्हणाला आणि माझ्या मुलीनं मला मराठीत सांगितलं, "आई, तो म्हणतो, आपला माणूस शूर होतं."

"शूर होता," मी म्हटलं.

"तेच," ती म्हणाली.

शनिवारी बाबांच्या घरी मी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला. मटार उसळ, वरणभात, आणि तिखट बेतानं घातलेला चिकन रस्सा. भाचीनं ओट्याशी उभं राहून मला विचारलं की मला काय नावानं हाक मारायची. मी माझं आडनाव सांगितलं आणि 'कर'चा अर्थ समजावला. तिनं डोळे मोठे केले. "म्हणजे तुमच्याकडेपण असंच?" मग म्हणाली, "पण आमच्याकडे सुनेलाही घराचं नाव पडतं. तुला चालेल का? दोन्ही ठेव. कागदावर एक, हाक मारायला एक."

बाबा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घाईघाईनं छताकडे.

"चालेल," मी म्हटलं. "हाक मारायला चालेल."

जाताना भाचीनं बाबांना सप्टेंबरचं आमंत्रण दिलं. तेव्हा उन्हाळाभर डोंगरावर असलेली गुरं फुलांनी सजवून खाली आणतात, सगळी दरी गोळा होते. "घरातला सगळ्यात मोठा माणूस पुढे चालतो," ती म्हणाली. "आता सगळ्यात मोठे तुम्ही."

बाबांचा पासपोर्ट केव्हाच संपलेला होता. सासूबाई गेल्यापासून त्यांना कुठे जायचंच नव्हतं. सोमवारी सकाळी मी त्यांना सुपरमार्केटमधल्या फोटो बूथमध्ये घेऊन गेले. पडदा ओढला, आतून मशीनचा आवाज आला: चेहरा सरळ ठेवा, तोंड मिटलेलं असू द्या, हसू नका. फ्लॅश पडला. मशीन म्हणालं, फोटो नियमात बसत नाही.

"बाबा, हसू नका," मी बाहेरून म्हटलं.

"मी कुठे हसतोय?"

पुन्हा फ्लॅश. पुन्हा नामंजूर. मागे रांग लागली होती. तिसऱ्यांदाही तेच. मी पडदा बाजूला केला. बाबा स्टुलावर ताठ बसले होते, हात मांडीवर, गाल आत ओढून धरलेले, आणि तरीही ओठांची दोन्ही टोकं वर चाललेली.

"एखादी दुःखाची गोष्ट आठवा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मग डोळे उघडून म्हणाले, "आत्ता नाही गं आठवत. तू रांगेतल्या लोकांना पुढे जाऊ दे."